कालाकाउआ : पदके वाटणारा राजा

पदक ही वस्तू तशी पाहिली तर फारशा किमतीची नव्हे. थोडे सोने, थोडी चांदी, त्यावर मिन्याचे काम आणि रेशमी फितीचा वीतभर तुकडा. सराफाच्या तराजूत तिचे मोल किती भरेल हे सांगायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची गरज नाही. परंतु ते पदक कोणी दिले, कोणाला दिले आणि घेणाऱ्याने ते कोणत्या भावनेने छातीवर लावले, हे प्रश्न विचारले की तराजू अपुरा पडू लागतो. आपल्याकडे लग्नकार्यात मानाच्या पानावरून पिढ्यान्‌पिढ्यांचे रुसवेफुगवे झालेले आपण ऐकतो. राष्ट्राराष्ट्रांचेही तसेच असते. कोण कोणाला मानाने पंक्तीला बसवतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि राष्ट्र जितके लहान तितके ते अधिक अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात ज्याची ओळख करून द्यावयाची आहे तो राजा अशाच एका चिमुकल्या राष्ट्राचा होता. पॅसिफिक महासागराच्या ऐन मध्यावर असलेल्या हवाई बेटांचा हा राजा कालाकाउआ. त्याने एकंदर सतरा वर्षे राज्य केले. त्याच्या देशात राजघराण्यातर्फे दिले जाणारे एकूण पाच सन्मान होते आणि त्यांपैकी चार त्याने स्वतः सुरू केले होते. त्याच्या विरोधकांनी यावरून त्याची मनसोक्त टिंगल केली. हौशी राजा, उधळ्या राजा, नाचगाण्यात रमणारा राजा अशी त्याची ख्याती झाली. ही ख्याती अगदीच निराधार होती असे नाही. परंतु ती पुरेशी होती काय, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

डेव्हिड कालाकाउआ याचा जन्म १६ नोव्हेंबर १८३६ रोजी होनोलुलू येथे झाला. वडिलांचे नाव कापाआकेआ आणि आईचे केओहोकालोले. दोघेही वरच्या दर्जाच्या सरदार घराण्यांतील. कालाकाउआ या नावाचा अर्थ 'युद्धाचा दिवस' असा होतो. त्याच दिवशी एका ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने हवाईच्या राजाकडून एक एकतर्फी करार करून घेतला होता. त्याची आठवण म्हणून बाळाला हे नाव मिळाले. बड्या सत्तांशी आयुष्यभर झगडावे लागणार असलेल्या मुलाचे बारसे जणू त्या झगड्यातच झाले.

हवाईत मूल दुसऱ्या घरी वाढवण्यास देण्याची जुनी रीत होती. तिला 'हानाई' म्हणतात. आपल्या दत्तकविधानाशी ती थोडीफार जुळते, मात्र त्यात जन्मदात्यांशी नाते तुटत नसे. कालाकाउआदेखील असाच दुसऱ्या सरदारकुळात वाढला. पुढे अमेरिकन मिशनरी दांपत्य कुक यांनी चालवलेल्या सरदारपुत्रांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. ज्या मुलामुलींना पुढे गादीवर बसण्याचा अधिकार पोचणार होता, अशांसाठीच ती शाळा होती. तेथे तो उत्तम इंग्रजी शिकला. त्यानंतर त्याने कायद्याचा अभ्यास केला, सरकारी नोकरीत अनेक जागी काम केले आणि १८६३ मध्ये तो पोस्टमास्तर जनरल झाला. त्याच वर्षी कापिओलानी हिच्याशी त्याचा विवाह झाला.

त्याच्या तरुणपणातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १८६१ मध्ये 'का होकू ओ का पाकिपिका', म्हणजे 'पॅसिफिकचा तारा', हे हवाईयन भाषेतील वृत्तपत्र निघाले. तोवर तेथील छापखाने मिशनऱ्यांच्या आणि सरकारच्या हाती होते. संपूर्णपणे हवाईयन माणसांनी चालवलेले हे पहिले वृत्तपत्र, आणि त्याच्या संपादनात कालाकाउआ होता. जुन्या कथा, पोवाड्यांसारखी गीते आणि राजकीय चर्चा यांना त्याने जागा दिली. पुढे राजा झालेल्या या माणसाची सुरुवात एका देशी भाषेच्या पत्रकाराची होती, हे मराठी वाचकाला जवळचे वाटावे.

आता त्या देशाची परिस्थिती थोडक्यात पाहू. कामेहामेहा पहिला याने १८१० मध्ये सर्व बेटे एका छत्राखाली आणली. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तेथे पोचल्यापासून परकी जहाजांची ये-जा सुरू झाली होती आणि त्या जहाजांबरोबर देवी, गोवर, इन्फ्लुएंझा असे रोगही आले. या रोगांना तोंड देण्याची शक्ती बेटांवरील माणसांच्या शरीरात नव्हती. त्यांची संख्या झपाट्याने घटत गेली. १८४३ मध्ये एका ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने बेटे परस्पर ताब्यात घेतली आणि पाच महिन्यांनी वरिष्ठांनी ती परत केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हवाईचे स्वातंत्र्य संयुक्त घोषणेने मान्य केले. म्हणजे या राष्ट्राजवळ मोठे सैन्य नव्हते, आरमार नव्हते. होती ती केवळ इतरांनी दिलेली मान्यता. तीच त्याची तटबंदी होती.

या पार्श्वभूमीवर ११ एप्रिल १८६५ रोजी कामेहामेहा पाचवा याने आपल्या आजोबांच्या नावाने 'रॉयल ऑर्डर ऑफ कामेहामेहा' हा सन्मान स्थापन केला. हा हवाई राज्याचा सर्वांत मानाचा सन्मान. पांढऱ्या मिन्याचा क्रूस आणि तीन श्रेणी असे त्याचे स्वरूप होते. युरोपातील दरबारांत ज्या रीतीने मानचिन्हांची देवघेव चाले, त्या रीतीत हवाईने आता पाऊल टाकले होते.

कामेहामेहा पाचवा अविवाहित होता. डिसेंबर १८७२ मध्ये तो वारस न नेमता मरण पावला. आपल्याकडे १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य खालसा झाले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. हवाईत तसे करणारा डलहौसी कोणी नव्हता. तेथील राज्यघटनेप्रमाणे विधिमंडळाने राजा निवडावयाचा होता. जानेवारी १८७३ मध्ये लुनालिलो याची निवड झाली. पण वर्षभरातच, ३ फेब्रुवारी १८७४ रोजी, तोही वारला. पुन्हा निवडणूक आली. या खेपेस एका बाजूला कालाकाउआ आणि दुसऱ्या बाजूला कामेहामेहा चौथा याची विधवा राणी एमा असा सामना झाला. १२ फेब्रुवारीला विधिमंडळाने ३९ विरुद्ध ६ मतांनी कालाकाउआला निवडले.

मते मिळाली, पण रस्ता मिळाला नाही. एमाच्या समर्थकांनी सभागृहात घुसून मोडतोड केली, आमदारांना मारहाण केली. दंगल आवरण्यासाठी बंदरात उभ्या असलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश युद्धनौकांवरील शिपाई उतरवावे लागले. नव्या राजाची कारकीर्द परक्या बंदुकांच्या बंदोबस्तात सुरू झाली, ही गोष्ट तो कधी विसरला असेल असे वाटत नाही. आपल्या घराण्याला कामेहामेहाच्या घराण्याइतकी प्रतिष्ठा नाही हे त्याला ठाऊक होते. ती मिळवणे हे त्याचे पहिले काम झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्याने आपल्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ 'रॉयल ऑर्डर ऑफ कालाकाउआ' स्थापन केली. सन्मानांच्या मालिकेतील हे त्याचे पहिले पान.

त्यानंतर लगेच तो अमेरिकेस निघाला. गादीवर असताना अमेरिकेस भेट देणारा तो पहिला राजा. डिसेंबर १८७४ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याच्यासाठी शासकीय मेजवानी दिली. या भेटीतून १८७५ चा व्यापारी करार झाला. हवाईची साखर अमेरिकेत जकातीशिवाय जाऊ लागली. पंधरा वर्षांत साखरेची निर्यात सुमारे दहापट झाली. पैसा आला; परंतु तो मुख्यतः अमेरिकन मळेवाल्यांच्या तिजोरीत. उसाच्या राजकारणाने माणसे मोठी कशी होतात आणि मग ती सरकारे कशी हलवतात, हे महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. ज्या करारावर राजाने सर्वांत मोठे यश म्हणून सही केली, त्याच करारातून त्याचे सर्वांत मोठे शत्रू पोसले गेले.

मळ्यांना मजूर हवे होते आणि देशी लोकसंख्या तर घटत होती. म्हणून २० जानेवारी १८८१ रोजी कालाकाउआ जगप्रवासाला निघाला. पुण्यात 'केसरी'चा पहिला अंक निघून त्या वेळी जेमतेम पंधरवडा उलटला होता. बरोबर माणसे तीनच : दरबाराचा व्यवस्थापक जड, सरकारी वकील आर्मस्ट्राँग आणि एक जर्मन खानसामा. सामानात राजाचा पिसांचा झगा आणि पदकांच्या पेट्या होत्या. अशा या लवाजम्यानिशी त्याने नऊ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. जगाला वळसा घालणारा इतिहासातील पहिला राजा म्हणून त्याची नोंद आहे.

मार्चच्या आरंभी तो योकोहामाला उतरला तेव्हा जपानी लष्करी वाद्यवृंदाने हवाईचे राष्ट्रगीत वाजवले. त्या गीताचे शब्द खुद्द कालाकाउआचे होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांनी आपले गीत पाठ केलेले पाहून राजा आणि त्याचे सोबती हेलावून गेले. सम्राट मेइजीने त्याला जपानचा सर्वोच्च 'क्रिसँथेमम' सन्मान दिला आणि कालाकाउआने सम्राटाला कामेहामेहा सन्मानाची सर्वोच्च श्रेणी दिली. ही नुसती शिष्टाचाराची देवघेव नव्हती. त्या काळी पाश्चात्त्य राष्ट्रांचे नागरिक जपानमध्ये जपानी कायद्याच्या कक्षेबाहेर असत. ही मानहानीची सवलत सोडून देण्याची तयारी कालाकाउआने दाखवली. एवढ्यावर न थांबता, आपल्या सोबत्यांना नकळत तो एकटा सम्राटाला भेटला आणि आशियातील राष्ट्रांचा एक संघ जपानच्या नेतृत्वाखाली उभारावा, तसेच आपली पाच वर्षांची भाची काइउलानी हिचा एका जपानी राजपुत्राशी विवाह ठरवावा, असे प्रस्ताव त्याने मांडले. जपानने दोन्ही गोष्टींना पुढे सौजन्यपूर्वक नकार कळवला. पण १८८१ साली असा विचार करणारा राज्यकर्ता आशियात तरी दुसरा कोण होता?

पुढे चीन, हाँगकाँग, सयाम, सिंगापूर, जोहोर, ब्रह्मदेश असे करीत तो भारतात आला. कलकत्ता पाहून तो आगगाडीने देश ओलांडून मुंबईला पोचला आणि तेथून सुएझकडे रवाना झाला. त्या वेळी आपल्या संस्थानिकांच्या छातीवरही पदके होती. 'स्टार ऑफ इंडिया' हा सन्मान १८६१ मध्ये सुरू झाला होता आणि राजेमहाराजे तो अभिमानाने मिरवीत. फरक एवढाच, की ते पदक वरून खाली येत असे. देणारी राणी आणि घेणारे तिचे मांडलिक. परत काही देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढीही प्रजा नसलेला कालाकाउआ मात्र सम्राटांकडून पदक घेत होता आणि त्यांना आपले पदक देत होता. पदक घेणे हा मान असेल. पदक देता येणे ही सत्ता आहे. दिल्याघेतल्याच्या या व्यवहारात त्याच्या सगळ्या हौसेचा अर्थ साठवलेला आहे.

इजिप्तमध्ये खेदिव, नेपल्समध्ये राजा उंबेर्तो, रोममध्ये पोप तेरावे लिओ, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरिया अशा भेटी होत गेल्या. लंडनमधील एका मेजवानीत युवराज एडवर्डने जर्मन युवराजापेक्षा कालाकाउआला वरचा मान दिला आणि त्यावरून जर्मनांच्या भुवया उंचावल्या, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. एक गादीवरचा राजा आहे आणि दुसरा अजून व्हायचा आहे, असा एडवर्डचा साधा हिशोब होता. कातडीचा रंग नव्हे तर पद पाहून स्थान मिळाले, असे प्रसंग त्या शतकात विरळाच.

न्यूयॉर्कला त्याने एडिसनची गाठ घेऊन विजेच्या दिव्यांची चौकशी केली. ऑक्टोबर १८८१ अखेर तो मायदेशी परतला. १८८२ मध्ये इओलानी राजवाडा पुरा झाला आणि पुढे काही वर्षांतच तो विजेच्या दिव्यांनी उजळला. या प्रवासाचे फळ म्हणून १८८५ मध्ये जपानी मजुरांचे पहिले सरकारी जहाज होनोलुलूला लागले. १८७८ पासून पोर्तुगीज कुटुंबेही मदेइरा बेटावरून येत होती. त्यांच्याजवळच्या लहानशा तंतुवाद्यातूनच उकुलेले हे हवाईचे वाद्य जन्माला आले, आणि त्याला राजाश्रय दिला तो कालाकाउआने. तो, त्याची बहीण लिलिउओकालानी आणि इतर दोन भावंडे हे चौघेही गीतकार होते.

१२ फेब्रुवारी १८८३ रोजी, राज्यारोहणानंतर बरोबर नऊ वर्षांनी, त्याने राज्याभिषेक करवून घेतला. इंग्लंडहून मुकुट आले होते. राजाने तो स्वतःच्या हाताने स्वतःच्या मस्तकावर ठेवला. दोन दिवसांनी कामेहामेहाच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या सोहळ्याचा खर्च गाजला. पण त्याहून जास्त गाजले ते हुला नृत्य. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली १८३० पासून हुलावर बंदी आली होती आणि नंतरही परवान्याची अडचण होतीच. नृत्यातून आणि त्याबरोबरच्या मंत्रगीतांतून त्या लोकांचा सारा इतिहास तोंडी चालत आला होता. बंदीमुळे तो नष्ट व्हायला लागला होता. राजाने राजवाड्याच्या अंगणात उघडपणे हुला करविला. शहरातील सभ्य गोऱ्या मंडळींना एवढा धक्का बसला, की कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्या मुद्रकावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. आपल्याकडे लावणीला आणि तमाशाला एकेकाळी काय वागणूक मिळाली हे आठवले म्हणजे या घटनेचे मर्म ध्यानात येईल.

जे तोंडी होते ते लेखी करावे ही पत्रकाराची जुनी सवयही सुटली नव्हती. १८८८ मध्ये हवाईच्या दंतकथांचा त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि १८८९ मध्ये 'कुमुलिपो' या सृष्टीच्या उत्पत्तीच्या प्रदीर्घ वंशगीताची संहिता त्याने छापली. काळोखातून प्रथम समुद्रातील क्षुद्र जीव, मग मासे, पक्षी, प्राणी आणि शेवटी माणूस असा त्याचा क्रम आहे. ही संहिता तेव्हा छापली गेली नसती तर आज ती मिळाली असती की नाही याची शंकाच आहे.

सन्मानांची मालिका या काळात वाढत होती. १८८० मध्ये 'कापिओलानी' सन्मान मानवसेवा, विज्ञान आणि कला यांसाठी निघाला. १८८२ मध्ये 'हवाईचा मुकुट' आणि १८८६ मध्ये 'ओशियानियाचा तारा'. पदके स्वस्त झाली अशी टीका झाली आणि तीत तथ्यही होते. पण एक पदक असे आहे की त्यामुळे बाकीच्यांचीही बूज राहावी. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे ठेवले जाई. तेथे फादर डेमियन हा बेल्जियन धर्मगुरू त्यांच्यामध्ये राहून त्यांच्या जखमा धुवीत होता, घरे बांधीत होता, थडगी खणीत होता. १८८१ मध्ये राजा प्रवासात असताना कारभार पाहणारी लिलिउओकालानी त्या वसाहतीत गेली आणि परतल्यावर तिने डेमियनला 'ऑर्डर ऑफ कालाकाउआ' बहाल केली. डेमियनला पदकाचे काही अप्रूप नव्हते. पण त्या निमित्ताने बाहेरच्या जगाचे लक्ष तिकडे गेले. आनंदवनाची परंपरा ज्या महाराष्ट्रात आहे तेथे या एका पदकाची किंमत निराळी सांगावी लागणार नाही.

'ओशियानियाचा तारा' या सन्मानामागे राजकारण होते. पॅसिफिकमधील बेटे एकामागून एक युरोपीय सत्ता गिळंकृत करीत होत्या. उरलेल्यांनी एकत्र यावे म्हणून कालाकाउआने सामोआला वकील पाठवला. तेथील राजा मालिएतोआ याला हा नवा सन्मान देण्यात आला आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्याने हवाईशी संघ करण्याच्या करारावर सही केली. हवाईचे एकुलते एक लढाऊ जहाज 'काइमिलोआ' तिकडे गेले. लढाऊ हे नावापुरतेच. त्यावरील खलाशांत सुधारशाळेतील पोरे होती आणि शिस्तीच्या नावाने आनंदच होता. जर्मनीला सामोआ हवे होते. काही महिन्यांतच जर्मनांनी मालिएतोआला पकडून हद्दपार केले. पदक राहिले, संघ गेला.

घरीही आभाळ भरून आले होते. प्रधानमंत्री गिब्सनचा कारभार ढिला होता, कर्ज वाढले होते. अशातच अफूच्या परवान्याचे प्रकरण बाहेर आले. एका चिनी व्यापाऱ्याकडून राजाने ७१ हजार डॉलर घेतले आणि परवाना मात्र दुसऱ्यालाच मिळाला, असा आरोप झाला. या प्रकरणात कालाकाउआची बाजू सावरून धरणे अवघड आहे. त्याने आपल्या शत्रूंच्या हाती स्वतःच कोलीत दिले. मळेवाले, व्यापारी आणि मिशनऱ्यांचे वंशज यांनी एक गुप्त संघटना उभारली होती. शहरातील गोऱ्यांचे रायफलधारी पथक तिच्या बाजूने होते. जुलै १८८७ मध्ये त्यांनी राजापुढे नवी राज्यघटना ठेवली आणि सहा तारखेला त्याला सही करणे भाग पडले. इतिहासात तिला संगिनींची घटना म्हणतात.

या घटनेने राजाचे अधिकार मंत्रिमंडळाकडे गेले. ते लोकांकडे गेले असते तर आपण त्याला सुधारणा म्हटले असते. पण वरिष्ठ सभागृहाच्या मतदानासाठी तीन हजार डॉलरची मालमत्ता किंवा वार्षिक सहाशे डॉलरचे उत्पन्न अशी अट घातली गेली. त्यामुळे बहुसंख्य हवाईयन माणसे आपल्याच देशात त्या मतापासून वंचित झाली. आशियाई रहिवाशांचा मताधिकार तर सर्वस्वी गेला. उलट अमेरिकन आणि युरोपीय परदेशी माणसाला मात्र मत मिळाले. त्याच वर्षी व्यापारी कराराच्या नूतनीकरणात पर्ल हार्बर बंदराच्या वापराचा खास हक्क अमेरिकेला देण्यात आला. ज्या सम्राटांनी आणि राजांनी कालाकाउआला पदके दिली होती, त्यांपैकी कोणीही या वेळी पुढे आला नाही. मान मिळवता येतो, पण तो ऐन वेळी ढाल होत नाही, हा धडा त्याला फार महाग पडला.

१८८९ मध्ये रॉबर्ट विल्कॉक्स या हवाईयन तरुणाने जुनी घटना परत आणण्यासाठी बंड केले. ते एका दिवसात मोडले, सात माणसे मेली. मात्र हवाईयन ज्यूरीने विल्कॉक्सला निर्दोष ठरवले. न्यायालयाच्या त्या निकालात लोकांचे मन स्पष्ट दिसले. त्याच वर्षी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन होनोलुलूत होता. राजाची आणि त्याची चांगली मैत्री जमली होती.

प्रकृती ढासळू लागली म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये कालाकाउआ अमेरिकन युद्धनौकेने कॅलिफोर्नियाला गेला. तेथे मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठले. मृत्यूच्या चार दिवस आधी त्याचा आवाज एडिसनच्या फोनोग्राफवर मुद्रित करण्यात आला. मेणाचा तो सिलिंडर होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात जपलेला आहे. २० जानेवारी १८९१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात त्याचे निधन झाले. जगप्रवासाला निघाल्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. तेव्हा हवाईपर्यंत तारायंत्र नव्हते. लोक राजाच्या स्वागतासाठी कमानी उभारीत होते. २९ जानेवारीला जहाज दृष्टिपथात आले, तेव्हा अर्ध्यावर उतरलेली निशाणे पाहून त्यांना काय ते कळले. स्वागताच्या कमानींवर काळे कापड चढवावे लागले.

त्याची बहीण लिलिउओकालानी गादीवर आली. तिने नवी घटना आणण्याचा प्रयत्न करताच, १७ जानेवारी १८९३ रोजी तिला पदच्युत करण्यात आले. अमेरिकन नौसैनिक त्या वेळी किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९८ मध्ये हवाई अमेरिकेत सामील केले गेले आणि १९५९ मध्ये ते तिचे पन्नासावे राज्य झाले. राज्य बुडाले तशी राज्याची पदकेही थांबली. १९०३ मध्ये राजपुत्र कुहिओ याने कामेहामेहा सन्मानाचे नाव पुन्हा जागवले, परंतु हवाईयन समाजातील एका बंधुसंघाच्या रूपाने. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कृत्याबद्दल ठराव करून माफी मागितली.

कालाकाउआचे मूल्यमापन करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच्याविषयी फार काळ जे वाचले गेले ते बहुतांशी त्याला खाली खेचणाऱ्या पक्षाने लिहिलेले आहे. जगप्रवासाचे वर्णन आपल्याला मिळते ते आर्मस्ट्राँगच्या पुस्तकातून. आर्मस्ट्राँग मिशनऱ्याचा मुलगा आणि पुस्तक निघाले १९०४ मध्ये, म्हणजे राज्य बुडाल्यावर. पदकांच्या पेट्यांची थट्टा त्यात पानोपानी आहे. पेशवाईचा इतिहास केवळ एल्फिन्स्टनच्या कचेरीतील कागदांवरून लिहिला तर तो कसा होईल, याची कल्पना इतिहासाच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. गेल्या काही दशकांत हवाईयन भाषेतील जुनी वृत्तपत्रे पुन्हा वाचली जाऊ लागली आणि या राजाची दुसरी बाजू पुढे आली.

त्याच्या अपयशाची यादी मोठी आहे. त्याने खर्च बेसुमार केला, माणसे पारखण्यात तो चुकला, पैशाच्या बाबतीत त्याचे हात स्वच्छ राहिले नाहीत. राष्ट्राची वाढ हे ब्रीद घेऊन तो गादीवर बसला. १८७२ मध्ये बेटांची एकूण वस्ती ५६,८९७ होती, ती १८९० मध्ये ८९,९९० झाली. पण तीत हवाईयन रक्ताची माणसे सुमारे ५१ हजारांवरून ४० हजारांवर आली होती. देश भरला आणि देशाचे धनी कमी झाले. हे थोपवणे एका राजाच्या हाती होते असे म्हणता येणार नाही.

मग त्याचे उरले काय? पदके संग्रहालयांच्या काचांआड गेली. मात्र १९६४ पासून हिलो गावी त्याच्या नावाने उत्सव भरू लागला आणि तेथे जगभरातून माणसे हुला पाहायला येतात. ज्या नृत्याच्या पत्रिका छापल्याबद्दल मुद्रक कोर्टात उभा राहिला, ते नृत्य आज शाळांतून शिकवले जाते. त्याने शब्द लिहिलेले राष्ट्रगीत १९६७ मध्ये हवाई राज्याचे अधिकृत गीत ठरले. कुमुलिपोची संहिता अभ्यासली जाते. जगाने आपल्या लोकांना मान द्यावा म्हणून तो देशोदेशी फिरला आणि पदके वाटीत राहिला. तो मान राजवाड्याला वाचवू शकला नाही. पण आपल्या लोकांनी स्वतःच्या भाषेला, गाण्याला आणि नाचाला मान द्यावा म्हणून त्याने घरी जे केले, त्याने त्या लोकांना वाचवले. परदेशी सम्राटांना दिलेल्या साऱ्या पदकांपेक्षा त्याने आपल्याच माणसांना दिलेला हा सन्मान टिकाऊ ठरला.